नारायणगाव ते डिंगोरे, हिटर चालू ठेवून

८ एप्रिल २००३, मंगळवार. काम एकच होतं. ऑक्सिजनची भरलेली टाकी पुण्याहून डिंगोऱ्याला सासूबाईंकडे पोहोचवायची आणि रिकामी घेऊन परत यायचं.

सासूबाईंची फुप्फुसं चुलीच्या धुराने गेली होती. नाकात नळी, दिवसरात्र मिनिटाला दोन लिटरची धार. त्या हिशेबाने एक टाकी अडीच दिवस पुरे. घरच्या दोनच टाक्या होत्या. एक लावलेली असे तेव्हा दुसरी पुण्यात भरायला असे. ने-आण एक टेम्पोवाला करत असे, पण लग्नसराई सुरू झाली आणि त्याने महिनाभरासाठी टेम्पो वऱ्हाडाला लावला. तेव्हा खेपा माझ्याकडे आल्या. ही पहिली.

मी शाळेत शास्त्र शिकवते. तेव्हा वय एक्कावन्न. गाडी नवऱ्याची, आणि नवरा त्या वर्षी मस्कतला. शहाण्णव सालची टर्बो डिझेल. इंजिनाच्या धुरावर गरगरणारी एक चक्री इंजिनात जास्त हवा कोंबते, त्यामुळे चढाला जोर मिळतो. पण ती चक्री निखाऱ्यासारखी तापते. म्हणून पळून आलेलं इंजिन एकदम बंद करायचं नाही, दोन मिनिटं उभ्या जागी चालू ठेवायचं, नाहीतर चक्रीतलं तेल करपतं. हे मला नवऱ्याने जाताना सांगितलं आणि नंतर प्रत्येक फोनवर सांगितलं.

दुकानातल्या दोघांनी टाकी मागच्या सीटवर आडवी ठेवून दोराने बांधून दिली. काळं अंग, पांढरी मान, साठ किलोच्या वर वजन. अंगावर लिहिलं होतं: तेल लावू नये, आगीपासून दूर, उन्हात ठेवू नये. एप्रिलमध्ये, काचेच्या गाडीत. मी वरून ओली चादर टाकली आणि निघाले.

कळंबच्या पुढे

मंचर ओलांडेपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. कळंबच्या पुढे चढ लागला तेव्हा गोड वास यायला लागला. जळक्या गुळासारखा. आजूबाजूला ऊस होता, मला वाटलं गुऱ्हाळ लागलं असेल. लहानपणी काकवी प्यायला आम्ही याच भागात येत असू. मी काच थोडी खाली करून वास चांगला घेतलासुद्धा. दोन किलोमीटर मी त्या गुऱ्हाळाच्या वासात गेले, आणि गुऱ्हाळ काही दिसलं नाही. मग सहज खाली पाहिलं तर तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकलेला.

तो वास इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा होता. त्यात मिसळलेलं हिरवं रसायन तापलं की गोड वास येतो. गाडीच्या पुस्तकात वाचलं होतं, पण उसाच्या मुलखात ते आठवलं नाही.

गाडी कडेला घेतली. आणि तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण काय करावं ते कळेना. टर्बोसाठी इंजिन चालू ठेवायचं. पण पाणी फिरत नसेल तर चालू ठेवलेला प्रत्येक सेकंद इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचं हेड, वाकवणारा. एक गोष्ट मला माहीत होती. हिटर पूर्ण सोडला तर इंजिनाची थोडी उष्णता गाडीत येते, तेवढाच त्याला उतारा. मी हिटर सोडला. त्यातून गार हवा आली. इंजिन उकळतंय आणि हिटर गार, म्हणजे पाणी जागचं हलत नाही. पंप गेला. मी तीस आकडे मोजले आणि किल्ली फिरवली.

खाली हिरवं पाणी ठिबकत होतं. एक ट्रॅक्टर थांबला. त्यावरचे दोघे उतरले. एकाच्या हातात पाण्याची कळशी, दुसऱ्याच्या तोंडात बिडी.

"सरका ताई, पानी मारतो इंजिनावर. आत्ता गार व्हतंय."

"मारू नका. तापलेलं लोखंड तडकेल."

"लई तापलंय म्हनून तर मारायचं."

"चुलीवरच्या तव्यावर गार पाणी ओतता का?"

त्याने कळशी खाली ठेवली. तेवढ्यात बिडीवाल्याने मागच्या काचेतून चादरीखालचं पाहिलं. "ह्यात काय हाये?"

"ऑक्सिजन. पेशंटसाठी. बिडी विझवा आधी."

दोघंही तीन पावलं मागे गेले. बिडी विझवली, तीही चपलेखाली चांगली रगडून. मग लांबूनच बोलणी झाली. शेवटी ते गाडी ओढून न्यायला तयार झाले, पण एरवीपेक्षा दुप्पट लांब दोर लावून. नारायणगावपर्यंत ट्रॅक्टर चालवणारा माणूस रस्त्यापेक्षा मागेच जास्त बघत होता. मीही आरशातून मागेच बघत होते.

नारायणगाव

बसस्टँडजवळच्या बूथवरून दीड वाजता डिंगोऱ्याला फोन लावला. दीर बाळासाहेब फोनवर आले. मी त्यांना टाकीवरचा काटा वाचायला सांगितलं.

"वीसवर आहे, वहिनी."

मी मनात भागाकार केला. तासाला अडीच उतरतो. म्हणजे रात्री नऊ, फार तर साडेनऊ.

"धार जरा कमी करू का?" त्यांनी विचारलं.

"नको. डॉक्टरांनी नको म्हटलंय. मी येते."

"किती वाजेपर्यंत?"

"येते," एवढंच मी म्हटलं.

टाकी दुसऱ्या वाहनाने पुढे पाठवावी, हे कोणालाही सुचेल. मलाही सुचलं. पण त्या दिवशी लग्नाची दाट तीथ होती. जीपच्या अड्ड्यावर एरवी दहा-बारा जीप ओरडून गिऱ्हाइकं भरतात. त्या दिवशी दोनच होत्या. एक टप बसवून वऱ्हाडाची वाट बघत होती. दुसरीचा ड्रायव्हर तयार झाला, टाकी बघायला आला, आणि म्हणाला, "ताई, आत मानसं बसनार. स्फोट झाला मंजी?" मी त्याला ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, हे शास्त्र समजावून सांगितलं. दहावीला शिकवते त्यापेक्षा सोपं करून. त्याने मान डोलावली आणि निघून गेला.

गॅरेजवाल्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि सांगितलं, पंप पुण्याहून मागवावा लागेल, उद्या दुपारी येईल. मी म्हटलं, मला आज संध्याकाळी लागेल. त्याने हात पुसले. "मंग रशीदभाईकडं न्या. तो मोटारींचा न्हाई, हिरीवरच्या पंपांचा मानूस हाये. पन त्याला सांगून बगा."

रशीदभाईंचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, दाराशी शेतकऱ्यांच्या मोटारी आणि पंप ओळीने पडलेले, आत लोखंड कातायचा लेथ. माणूस साठीचा, जाड चष्मा, मूळचा जुन्नरचा. त्यांनी तासाभरात पंप उतरवला आणि माझ्या हातात दिला. पुण्यात गॅरेजवाला आपल्याला काचेच्या अलीकडे बसवतो आणि बिल दाखवतो. इथे खराब झालेली वस्तू आधी मालकाच्या हातात देतात. धरा, हलवून बघा. मी हलवला. दांडा लकलक हलत होता. आतलं बेअरिंग गेलं होतं, आणि त्याने पाणी अडवणारं सील खाल्लं होतं.

"होईल का?"

"पंप म्हणजे पंप, ताई. हिरीवरचा असो, गाडीतला असो. पाणी ढकलायचं, दुसरं काय करतो तो." त्यांनी बेअरिंगवरचा नंबर चष्मा वर करून वाचला, फळीवरून त्याच नंबरचं काढलं. सील मात्र विहिरीच्या पंपाचं बसवायचं ठरवलं. त्यासाठी दांडा लेथवर केसभर उतरवावा लागणार होता. "केसभर जास्त उतरला तर?" मी विचारलं.

"तर तुम्ही इथंच राहाल. आमच्या घरी भाकरी आहे."

ते विनोद करत होते. मला हसू आलं नाही. लेथ फिरत होता तोवर मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर दोन मिनिटांनी बघत राहिले. गाडी सावलीत घेतली होती, चादर मी चार वेळा भिजवली. त्यांच्या घरून आलेल्या डब्यातली बाजरीची भाकरी आणि आंबट डाळ त्यांनी मला अर्धी दिली. मी खाल्ली. चव आठवत नाही.

पंपाच्या जोडात बसवायचं पॅकिंग त्यांनी हाताने केलं. जाड कागद पंपाच्या तोंडावर धरून हातोडीच्या गोल बाजूने कडेकडेने ठोकत गेले. लोखंडाच्या कडेनेच कागद कापत गेला आणि हुबेहूब आकार निघाला. हे मी मुलांना दाखवायला हवं, असं त्या अवस्थेतही वाटलं.

पंप बसवताना त्यांनी पुढची एक चकती काढून बाजूला ठेवली. थर्मोस्टॅट. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप.

"ही नको बसवू ना? आपल्याकडं कुठं बर्फ पडतो. काढून टाकली की पाणी वरून खालपर्यंत सरळ भरतं. ठेवली तर कोंडतंय मधी."

हिंदुस्तानात सगळे मेकॅनिक हेच करतात आणि ते चूक आहे, असं पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. नवऱ्यानेही बजावलं होतं. मी म्हटलं, "बसवा. जिथली वस्तू तिथे."

"तुमची गाडी," ते म्हणाले आणि बसवली. पाणी भरलं, झाकण लावलं, इंजिन चालू केलं. एक थेंब गळला नाही. सव्वापाच वाजले होते. मोठ्या रस्त्याला आळेफाट्याला ट्रकांची रांग असते, उभ्या गाडीत इंजिन जास्त तापेल, म्हणून त्यांनी येडगाव धरणावरून ओतूरकडे निघणारा आतला रस्ता सांगितला. "हिटर चालू ठेवा. गरम हवा येते तोवर भ्यायचं नाही."

येडगावकडून

धरण उजव्या हाताला दिसत राहतं. पाणी उतरलेलं, काठाच्या गाळावर कलिंगडाचे वेल. सुंदर असेल. मी काटा बघत होते. हिटर पूर्ण सोडलेला, बाहेर एप्रिल, आत भट्टी, मागे टाकी. चारही काचा खाली.

गावाबाहेर एका बाईने रस्त्यात उभं राहून हात केला. माझ्याच वयाची, डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. "पुढच्या वस्तीपात्तूर सोडा ताई. उशीर झाला. वाघ हाये ह्या पट्ट्यात." जुन्नरकडे बिबट्याला वाघच म्हणतात. त्या वर्षांत तो जंगल सोडून उसात राहायला आला होता. उसात जन्मायचा आणि उसातच वाढायचा. संध्याकाळी एकटी बाईमाणसं रस्त्याने जात नसत.

भारा डिकीत टाकून ती बसली. नाव सगुणाबाई. बसल्याबरोबर पदराने वारा घ्यायला लागली. "आवं, हे काय लावलंय? उन्हाळ्यात शेकोटी?"

"गाडीला लागतं."

"बरं. पन काचा वर घ्या. उसाच्या कडंनं चाललोय."

"काचा वर घेतल्या तर आपण उकडून मरू."

"उकडून मेलेलं बरं. घरची मानसं मढं तरी बगतील."

निम्म्या काचा वर घेऊन आम्ही तडजोड केली. दोन्ही बाजूंना तोडणी न झालेला ऊस, मध्ये एका गाडीपुरता रस्ता. पाचएक मिनिटं गेली असतील. सगुणाबाई म्हणाली, "हां, आता कसं गार लागतंय. बंद केली का शेकोटी?"

मी बंद केली नव्हती. हिटरच्या जाळीपुढे हात धरला. गार हवा. काटा वर निघालेला.

उसाच्या मधोमध गाडी थांबवली. पुन्हा तीस आकडे, पुन्हा किल्ली. इंजिन बंद झाल्यावर एकदम शांत झालं. उसाची पानं एकमेकांवर घासत होती. सहा वाजून गेले होते. बाळासाहेबांच्या भिंतीवरचं घड्याळ आणि टाकीवरचा काटा मला इथून दिसत होते. गाडीचा काटा वर जायला नको होता आणि टाकीचा खाली, आणि दोन्ही माझ्या हातात नव्हते.

बाहेर आले. पंपाखाली बोट फिरवलं. कोरडं. गळत नाही, पट्टा शाबूत, पंप फिरत होता. तरी पाणी फिरत नव्हतं. मी मोठ्याने म्हणाले, "पंप चांगला आहे. मग झालं काय?"

सगुणाबाई आतूनच म्हणाली, "मोटर फिरती आन् पानी न्हाई?"

"हो."

"हवा धरली."

"काय?"

"आमची हिरीवरची मोटर अशीच करती. पाइपात हवा ऱ्हायली की नुसती फिरती, पानी न्हाई उचलत. वरनं पानी घालावं लागतंय. बुडबुडं थांबस्तवर."

मी बॉनेटला हात टेकून उभी राहिले आणि चटका बसून काढला. ठेवली तर कोंडतंय मधी, असं रशीदभाई म्हणाले होते. पाणी नव्हे, हवा. बंद झडपेखाली हवा अडकली होती आणि ती झडप मी हट्टाने ठेवली होती. ते विहिरीवरचं सांगत होते, मी पुस्तकातलं ऐकत होते.

उपाय साधा होता. सगळ्यात वरची नळी सैल करायची, रेडिएटरच्या तोंडातून पाणी घालत राहायचं, नळीतून हवा संपून पाणी आलं की आवळायची. पण तापलेलं झाकण उघडलं तर वाफेने तोंड भाजतं. पाऊण तास थांबणं भाग होतं. आणि पाणी नव्हतं. माझ्याकडची बाटली चादरीवर संपली होती.

"पानी हाये की," सगुणाबाई म्हणाली आणि उसाकडे हनुवटी केली. "आत टाकी हाये ठिबकची. पन्नास पावलं."

आम्ही काचा पूर्ण वर घेऊन आत बसलो. घाम कानामागून ओघळत होता. ती एकदाच बोलली, "कुत्री भुंकत्यात तोवर काय न्हाई. गप झाली की समजायचं." लांब वस्तीवर कुत्री भुंकत होती. त्यानंतर दोघीही नुसतं ऐकत बसलो. मला मरायची भीती वाटत नव्हती, असं मी नंतर लोकांना सांगितलं. ते खरं नाही. वाटत होती, आणि तिच्या खाली दुसरी होती. मी इथे संपले तर टाकी इथेच सीटवर राहील.

पावणेसातला कुत्री गप झाली.

सगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं. "गाणी लावा."

"काय?"

"टेप हाये न्हवं? मोठ्यानं लावा. मानसं लई हायेत असं वाटलं की त्यो सरकतो. आमी रेडू वाजवतच जातो रानात."

गाडीत एकच कॅसेट होती. त्या काळात पुण्यात घरटी एक पोर जर्मन शिकत होतं, तशी माझी मुलगीही शिकत होती; कॅसेट तिच्या धड्यांची. मी आवाज पूर्ण वाढवला आणि दोन्ही दारं उघडी टाकली. एक बाई आणि एक पुरुष खड्या आवाजात एकमेकांना जर्मनमध्ये हॉटेलचा रस्ता विचारू लागले.

"हे कुटलं गानं?"

"परदेशी."

"भांडत्यात जनू. बरंय," ती म्हणाली आणि विळा घेऊन पुढे झाली. मी बाटली, तिचा डबा आणि गाडीतलं प्लॅस्टिकचं डबडं घेऊन मागे. उसाच्या सरीतून पन्नास पावलं. पानं दंडाला चिरत होती. मी पावलं मोजली. छत्तिसाव्या पावलाला डावीकडे काहीतरी जड, सावकाश हललं आणि थांबलं. सगुणाबाईही थांबली. वळली नाही. मोठ्याने, जणू बाजारात बोलतेय अशी म्हणाली, "चला ताई, आपल्याला घाई हाये." आणि चालू लागली. टाकीत डबडी बुडवली, घाईत भरलेलं निम्मं सांडलं. पुन्हा भरलं. परत येताना मी मागे पाहिलं नाही.

"तोंड वर करा गाडीचं," ती म्हणाली. "चढाला असली की हवा लवकर निघती." म्हणून आम्ही दोघींनी गाडी ढकलून पुढची चाकं शेताच्या बांधावर चढवली. झाकणावर फडकं टाकून हळूहळू उघडलं. हिटरकडे जाणारी वरची नळी सैल केली, पाणी ओतत गेले. नळी फसफसली, खोकली, पुन्हा फसफसली. चेंडूएवढा एक बुडबुडा आला आणि त्यामागून सलग पाणी. सगुणाबाईने बोट लावून पाहिलं. "धरलं."

सव्वासातला हिटरमधून गरम हवा आली. जर्मन बाईला अजून हॉटेल सापडलं नव्हतं.

डिंगोरे

सगुणाबाईला तिच्या दारात, अगदी उंबऱ्याशी सोडलं. तिने चहाला बोलावलं नाही. "जावा, म्हातारी वाट बगतीया," म्हणाली. वाटेत मी तिला टाकीचं सांगितलं होतं.

सव्वाआठला अंगणात गाडी लावली. दोन मिनिटं इंजिन चालू ठेवलं, बाळासाहेब दार उघडून टाकी उतरवू लागले तरीही. आत काटा शून्याच्या वर दोन रेघांवर होता. जुनी टाकी काढून नवी लावेपर्यंत जो वेळ गेला तेवढा वेळ सासूबाई तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होत्या. धार सुरू झाली. काटा दीडशेवर गेला. मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सकाळी निघालीस ना? मंचरला भेळ खात बसली असशील."

"हो," मी म्हटलं.

जावेने मासवडी केली होती, रस्सा वेगळा. मी दोन खाल्ल्या, मग पाट सोडून अंगणात जाऊन बॉनेटखाली बॅटरी मारून पाहिलं, आणि परत येऊन तिसरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना झाकण उघडलं. पाणी चार बोटं खाली गेलं होतं. राहिलेली हवा निघाली असणार. भरलं. बाळासाहेबांकडून पाना घेतला, थर्मोस्टॅट काढला आणि फडक्यात गुंडाळून कप्प्यात ठेवला. रिकामी टाकी मागच्या सीटवर बांधली. शुक्रवारी सकाळी आठच्या आत ती भरून परत आणायची होती. एक घागर पाणी पायाशी ठेवलं, कॅसेट पहिल्यापासून लावून ठेवली, हिटर पूर्ण सोडला. इंजिन तापेपर्यंत हिटरच्या जाळीपुढे हात धरून बसले. हवा गरम झाली, तेव्हा निघाले.